कौलांवरून फ्लोरेन्स, पाण्यातून व्हेनिस

'असॅसिन्स क्रीड २' या व्हिडिओ गेममधलं फ्लोरेन्स मी आधी वरून पाहिलं, रस्ते नंतर. साल १४७६, वेळ रात्रीची. पोन्ते वेक्क्यो पुलावर पात्सी घराण्याच्या पोरांशी झालेली हाणामारी नुकतीच मिटली आहे, नायक एत्सिओचा ओठ फाटलाय, आणि थोरला भाऊ फेदेरिको म्हणतो, चल, त्या चर्चच्या माथ्यापर्यंत शर्यत. बटण दाबून धरलं की एत्सिओ भिंतीला पाय लावतो, खिडकीची चौकट पकडतो, मग वरची कड, मग कौलं. सांता त्रिनिताच्या छपरावर दोघे भाऊ टेकतात आणि चांदण्यात अख्खं शहर समोर येतं. मधोमध कॅथेड्रलवरचा, ब्रुनेलेस्कीने उभारलेला घुमट. कोणाला मारायचं नाही, कुठे पोहोचायचं नाही. दोन भाऊ आपल्या गावाकडे बघत बसलेत, बस्स.

'असॅसिन्स क्रीड २' आला २००९ च्या नोव्हेंबरमध्ये. मी खेळले ती २०१६ च्या 'द एत्सिओ कलेक्शन'मधली सुधारित आवृत्ती, तीही पहिल्या भागाला हात न लावता. पहिला भाग तिसऱ्या धर्मयुद्धाच्या काळातल्या दमास्कस आणि जेरुसलेममध्ये घडतो, नायक अल्ताईर, एवढंच ऐकून होते. त्यामुळे सुरुवातीला गोंधळ उडतो. खरी गोष्ट आजच्या काळातल्या डेस्मंड माइल्सची आहे. अॅनिमस नावाच्या यंत्रात पडून तो आपल्या रक्तातल्या पूर्वजांच्या आठवणी जगतो, आणि एत्सिओ आउदितोरे हा त्यातलाच एक पूर्वज. अब्स्टर्गो कोण, टेम्प्लर कोण, ल्यूसी त्याला सोडवायला का आली, हे सगळं भरभर अंगावर येतं. नव्या माणसाने त्याचं दडपण घेऊ नये. यंत्रात एकदा शिरलं की पहिलाच प्रसंग एत्सिओच्या जन्माचा आहे. नुकतंच जन्मलेलं बाळ बापाच्या हातात, आणि आपण एकेक बटण दाबून त्याचे हात-पाय हलवायचे. एक बटण पायांचं, एक हातांचं. पुढे हाच माणूस मनोऱ्यांवर चढणार आहे, त्याच्या अंगाची ओळख इथूनच करून दिली जाते. इतकी साधी आणि प्रेमळ शिकवणी मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेली नाही.

त्यानंतरचा तासभर मला सगळ्यात मोलाचा वाटला. घरातल्यांची कामं करत शहरभर हिंडायचं: वडिलांची पत्रं पोहोचवायची, बहिणीला फसवणाऱ्या मुलाला धडा शिकवायचा, आईबरोबर एका तरुण चित्रकाराकडे जाऊन त्याच्या चित्रांची पेटी घरी उचलून आणायची. चित्रकाराचं नाव लिओनार्दो, गाव व्हिंची. धाकटा पेत्रुच्चो आजारी, घराबाहेर पडू शकत नाही. त्याला गरुडाची पिसं हवी असतात, म्हणून छपरांवर फिरून ती वेचायची. या निरोप-निरोपीत गल्ल्या ओळखीच्या होतात. कुठल्या चौकात गर्दी असते, कुठल्या भिंतीवर चढायला सोपं जातं, ते पायांना कळायला लागतं.

आणि मग हे सगळं एका रात्रीत हिसकावलं जातं. वडील आणि दोन्ही भाऊ कैदेत. वडिलांना पालात्सो देल्ला सिन्योरिया या शहराच्या कारभारवाड्याच्या मनोऱ्यात ठेवलंय, आणि त्यांना भेटायचा रस्ता एकच: बाहेरून, भिंतीवरून, अंधारात. त्या मनोऱ्यात खरोखरच एक कोठडी आहे. १४३३ साली फ्लोरेन्सवर वर्चस्व असलेल्या मेदिची घराण्यातल्या कोझिमोला तिथे डांबलं होतं, १४९८ मध्ये सावोनारोला या धर्मोपदेशकाला. हा जवळपास ९४ मीटरचा मनोरा चढताना मला पहिल्यांदा भीती वाटली. कड्यावरून पडण्याची नव्हे, वर पोहोचल्यावर काय ऐकावं लागेल याची. वडील गजांआडून घाईघाईत सांगतात: घरी जा, तिथल्या पेटीतलं सगळं घे, पत्र अमक्याला दे. पत्र ज्याच्या हाती द्यायचं तोच घरभेदी निघतो. दुसऱ्या दिवशी त्याच इमारतीसमोरच्या चौकात फाशीचा तख्ता. गर्दीतून वाट काढत एत्सिओ पुढे धावतो आणि पोहोचत नाही. पेत्रुच्चोच्याही पायाखालची फळी निघते.

यानंतरचं फ्लोरेन्स तेच आहे आणि अजिबात ते नाही. काल ज्या चौकातून मान वर करून चालत होते तिथे पहारेकऱ्याची नजर वळली की काळजात धस्स होतं. भिंतींवर एत्सिओच्या तसबिरीची पत्रकं, चौकाचौकात दवंडी पिटणारे. पत्रकं फाडायची, दवंडीवाल्याच्या हातावर फ्लोरिनची नाणी ठेवून त्याचं तोंड गप्प करायचं, चार माणसांच्या घोळक्यात मिसळून मान खाली घालून सरकायचं. गर्दीत हरवण्याची ही विद्या पावला नावाची कुंटणखान्याची मालकीण शिकवते. घरचा माणूस आपल्याच गावात परका होतो म्हणजे काय, ते सांगायला या गेमला भाषणाची गरज पडत नाही. तेच रस्ते आपल्याला पुन्हा चालायला लावतो, एवढ्याने काम होतं. एरवी सूडाच्या गोष्टींत माझं मन रमत नाही. इथे रमलं, कारण काय गेलं ते मी आधी हाताळलं होतं.

चढण्याबद्दल सविस्तर लिहायलाच हवं, कारण या प्रवासाचं वाहन तेच आहे. कॅथेड्रलशेजारच्या जोत्तोच्या घंटाघरावर मी भर दुपारी चढले. जोत्तोने १३३४ मध्ये काम सुरू केलं, तीनच वर्षांत तो वारला, आणि १३५९ मध्ये फ्रान्चेस्को तालेन्तीने ते पुरं केलं. उंची जवळजवळ ८५ मीटर. पांढरा, हिरवा, गुलाबी संगमरवर. खालून ती नुसती नक्षी दिसते. भिंतीला चिकटल्यावर मात्र नक्षीतली प्रत्येक पट्टी म्हणजे बोटांना आधार. कोनाडा आला की उभं राहून दम खायचा, सरळसोट पट्टा आला की बाजूला सरकून कोपऱ्यावरची कड शोधायची. वर जावं तशा खिडक्या मोठ्या होत जातात, दोन खणांच्या खिडक्यांनंतर सगळ्यात वर तीन खणांची. स्थापत्यावरचं पुस्तक वाचून हे माझ्या लक्षात राहिलं नसतं; हात पुरेनासा झाला तेव्हा लक्षात राहिलं. माथ्यावर पोहोचून बटण दाबलं की दृश्य गोल फिरतं, नकाशाचा तेवढा भाग उजळतो, आणि खाली गवताच्या गाडीत झेप. शेजारी घुमट, १४३६ मध्ये पुरा झालेला, खालून लाकडी साच्याचा आधार न देता विटांवर विटा चढवत उभा केलेला. एका मोहिमेत कॅथेड्रलच्या आत शिरून तुळयांवरून, कठड्यांवरून थेट त्याच्या पोटापर्यंत चढायचं असतं. मान वर केल्यावर जी घेरी येते, ती सोफ्यावर बसूनही येते.

२६ एप्रिल १४७८ चा रविवार याच कॅथेड्रलसमोर उगवतो. प्रार्थनेच्या वेळी जुलियानो दे मेदिचीला भोसकून मारलं, लोरेन्त्सो जखमी होऊन वाचला, हा इतिहास. गेममध्ये जखमी लोरेन्त्सोला गल्ल्यांतून घरी पोहोचवण्याचं काम एत्सिओवर येतं. शहरभर मेदिची आणि पात्सी अशा दोन पक्षांची माणसं एकमेकांच्या उरावर, आणि शेवटी फ्रान्चेस्को दे पात्सी त्या पालात्सो देल्ला सिन्योरियाच्या भिंतीवर लटकलेला. खऱ्या इतिहासातही त्याचा शेवट तिथेच झाला.

मोन्तेरिज्जोनी हा मधला मुक्काम. सिएनाने तेराव्या शतकात बांधलेलं तटबंदीचं गाव, आजही उभं. गेममधला आउदितोरेंचा वाडा तेवढा कल्पनेतला. मारिओकाका तिथे एत्सिओला तलवार शिकवतात, बहीण क्लाउदिया जमाखर्चाची वही सांभाळते, आणि ओसाड पडलेलं गाव आपण पैसे घालून हळूहळू वसवायचं. मी मात्र तिथे परत परत जात राहिले ते वरच्या खोलीसाठी. आई, मारिया, त्या फाशीनंतर बोलेनाशी झालेली, पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थना करत असते. बाजूला एक लाकडी पेटी. टस्कनीपासून व्हेनिसपर्यंत छपरांवर, तुळयांच्या टोकांवर शंभर पिसं विखुरलेली आहेत. सापडतील ती आणून त्या पेटीत टाकायची. पेत्रुच्चोने मागितलेली पिसं. नकाशावर त्यांची खूण नाही, त्यामुळे शोधणं किचकट आहे आणि पुष्कळ लोक ते सोडून देतात. मला ते सोडवत नाही.

सान जिमिन्यानोचे मनोरे आणि आपेन्निन डोंगरातली जळत्या बाणांखालची गाडी मजेची आहेत, पण घाईत उरकतात. फोर्लीच्या दलदलीत तिथली सत्ताधारी काटेरीना स्फोर्त्सा भेटते. एका बेटावर अडकलेली, तरी हुकूम सोडणारी. तिच्या शब्दावर जहाजात जागा मिळते आणि व्हेनिस येतं.

व्हेनिसने फ्लोरेन्समधल्या सवयी मोडल्या. इथे छप्पर मध्येच संपतं आणि खाली कालवा. पहिल्या भागात पाण्यात पडणं म्हणजे मरण होतं म्हणे. एत्सिओ पोहतो, आणि पाण्याखाली दडून नावेच्या कडेने पहारेकऱ्याला आत ओढतो. सुटायचं असेल तर फ्लोरेन्समध्ये वर पळायचं, इथे खाली उडी. रोझा नावाची चोरटी एक नवी उडी शिकवते, कडेला लटकून वरच्या कडेला झेप घ्यायची. ती आली की आधी हाताला न लागणाऱ्या भिंती आटोक्यात येतात. १४८५ ची उड्डाणाची रात्रही इथलीच. व्हेनिसच्या शासकाच्या दुकाले राजवाड्यात जमिनीवरून शिरकाव नाही, म्हणून लिओनार्दोचं लाकूड-कापडाचं यंत्र पाठीवर. चुलीतल्या गरम हवेवर कागद तरंगताना पाहून त्याला युक्ती सुचते: वाटेत जाळ पेटवायचे, त्यांच्या उष्णतेवर यंत्र उचललं जाईल. एका जाळावरून दुसऱ्यावर, खालून बाण, समोर सान मार्को चौक. खरा लिओनार्दो १४८२ च्या सुमारास मिलानला गेला होता, ते ठाऊक असूनही मला ही जागा जशीच्या तशी हवी आहे.

सगळंच साधलंय असं नाही. लढाईत पहारेकरी एकेक करून पुढे येतात, वार अडवून उलटवला की काम झालं. पुढे पुढे त्यात धार राहत नाही. वेळेशी झुंजायच्या जागी कॅमेरा ऐनवेळी फिरतो आणि एत्सिओ भलत्याच दिशेला उडी घेतो. आणि कथा १४८८ वरून एकदम १४९९ च्या रोमला जाते. मधले दोन अध्याय, फोर्लीची लढाई आणि सावोनारोलाच्या काळातलं फ्लोरेन्स, २०१० च्या सुरुवातीला वेगळे विकले गेले. या आवृत्तीत ते सामील आहेत, म्हणून नव्याने येणाऱ्याने हीच घ्यावी. ते वगळून व्हॅटिकन गाठणाऱ्याला मधल्या अकरा वर्षांत एत्सिओ इतका शांत कसा झाला ते कळणार नाही.

येस्पर किडचं संगीत ऐकायला जमलं तर हेडफोन लावा. छपरावर आपण एकटे असलो की ते हळूच येतं, आणि शर्यतीच्या रात्रीची सुरावट पुढे बऱ्याच ठिकाणी भेटते.

कलेक्शनमध्ये पुढचा भाग, 'ब्रदरहूड', तयार आहे आणि त्यात सगळं रोम वाट बघतंय. पण सान मार्को भागातली पिसं अजून पुरी व्हायची आहेत, आणि रोझाची उडी शिकल्यावर फ्लोरेन्समधल्या दोन-तीन भिंती पुन्हा करून बघायच्या आहेत. आधी तिकडे.