पंधरा जण जमले तर मॅच

शनिवारी आमच्या रग्बी टीमची या सीझनमधली शेवटची होम मॅच झाली आणि आम्ही हरलो, १७-४१. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटत राहतं की आता शेवटच्या मिनिटाला काहीतरी चमत्कार होणार. नाही झाला. टेबलमधे तळाला होतो, तळालाच राहिलो, खालच्या लीगमधे जाणार हे दोन आठवडे आधीच नक्की झालं होतं.

"आमची टीम" म्हणजे कॉर्नवॉलमधल्या एका छोट्या गावाचा रग्बी क्लब. नाव नाही लिहीत, गाव एवढंसं आहे की कुणी शिंकलं तरी कुणाचा आवाज ते कळतं. नकाशात इंग्लंडचं खाली डावीकडे समुद्रात घुसलेलं जे टोक आहे ना, ते कॉर्नवॉल. २०२२ मधे इंग्लंडच्या रग्बी युनियनने, म्हणजे आरएफयूने, सगळ्या लीगची फेरमांडणी केली आणि खालच्या पायऱ्यांना काउंटीज वन, टू, थ्री अशी नावं दिली. आम्ही त्यातल्या खालच्या अंगाला. पगार वगैरे कुणाला नाही, उलट खेळायची वर्गणी भरावी लागते. मी तिथे फर्स्ट एड बघते. पेशाने फिजिओ आहे, कामावरच्या एकाने "फक्त एक शनिवार ये" म्हणून नेलं, आणि मग तो एक शनिवार काही संपलाच नाही.

लोकांना वाटतं खालच्या नंबरच्या टीमचं दुःख म्हणजे हरणं. हरण्याची सवय होते हो. जिंकलं की ४ पॉईंट, ड्रॉला २, चार ट्राय (बॉल समोरच्यांच्या लाईनपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ट्राय) केल्या तर एक बोनस, आणि सात किंवा कमी पॉईंटने हरलात तर हरण्याचाही एक बोनस, आणि आमचे बरेचसे पॉईंट या शेवटच्या कलमातून आलेले आहेत, त्यामुळे "कमी हरलो" हा आमच्याकडे आनंदाचा विषय असतो. खरं दुखणं वेगळंच आहे. पंधरा माणसं जमत नाहीत.

गुरुवारी प्रॅक्टिसला नऊ जण. शुक्रवारी संध्याकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर कॅप्टनचे मेसेज सुरू, आधी इमोजीवाले, मग नुसते प्रश्नचिन्हवाले, मग रात्री अकराला वैयक्तिक फोन. एप्रिल तर सगळ्यात वाईट महिना. इथे ईस्टरला टुरिस्ट सीझन चालू होतो, मग हॉटेलात काम करणारे गेले, सर्फिंग शिकवणारे गेले, ज्यांची बोट आहे ते हवा चांगली म्हणून समुद्रावर, बांधकामवाल्यांना सुट्टीच्या घरांची डागडुजी उरकायची असते. आणि मुळात तरुण पोरं राहतातच कुठे इथे? लंडनवाल्यांनी समुद्राकाठी दुसरी घरं घेऊन किमती एवढ्या वर नेल्यात की गावातल्या पोराला गावात भाड्यानेसुद्धा जागा परवडत नाही. तो प्लिमथला जातो, ब्रिस्टलला जातो, तिथल्या एखाद्या क्लबकडून खेळतो. आमची दुसरी टीम आधीच बंद पडली. कोच बदला, डावपेच बदला असं बारमधे बसून सांगणारे खूप आहेत, पण डावपेच पंधरा जणांचे असतात, तेरा जणांचे काय करायचे ते सांगा.

त्यात पहिल्या रांगेचं त्रांगडं. स्क्रममधे, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत गुंतून बॉलसाठी ढकलतात त्यात, पुढे तिघे असतात, मधे हूकर आणि दोन बाजूंना दोन प्रॉप. या तिघांच्या माना-खांद्यांवर दोन्हीकडचा सगळा जोर येतो, त्यामुळे तिथे कुणालाही उभं करता येत नाही, शिकलेलाच माणूस लागतो. तो नसेल तर रेफरी स्क्रम अनकन्टेस्टेड करतो, म्हणजे दोन्ही टीमनी नुसतं एकमेकांत गुंतायचं, ढकलायचं नाही, आणि ज्याने बॉल आत टाकला त्यालाच तो मिळणार. आमचा एक प्रॉप सेहेचाळीस वर्षांचा आहे. गुडघे माझ्या ओळखीचे आहेत, दर शनिवारी टेप मीच लावते, ते गुडघे खेळायच्या लायकीचे नाहीत. पण दुसरा माणूस नाही. आणि गंमत म्हणजे अख्ख्या टीममधे एकच गोष्ट खरोखर चांगली होती, ती म्हणजे आमचा स्क्रम. तिथे आम्ही कुणालाही मागे रेटायचो.

तर शनिवार. बारीक पाऊस, म्हणजे पाऊसही नाही आणि धुकंही नाही असं जे इथे कायम हवेत लटकलेलं असतं ते. मैदान एका बाजूला उतरतं, टॉस जिंकला की उताराची बाजू घ्यायची हा आमचा एकमेव गुप्त डाव, आणि टॉस हरलो. पण लोक आले होते! रेलिंगला टेकून नेहमीचे म्हातारे, पोराबाळांना घेऊन आलेल्या जुन्या खेळाडूंच्या बायका, चिखलात लोळणारी दोन कुत्री. क्लबहाऊसच्या खिडकीत चहा आणि पास्टी (इथली करंजीसारखी भरलेली पाय) विकणाऱ्या आजी. मी पहिल्यांदा आले तेव्हा इंडियाची आहे म्हटल्यावर बाकीचे क्रिकेट क्रिकेट करत होते आणि या आजी म्हणाल्या, "कोलार?" त्यांच्या आजोबांचे भाऊ कोलारच्या सोन्याच्या खाणीत होते. १८८० पासून जॉन टेलर अँड सन्स ही कंपनी तिथल्या खाणी चालवायची आणि कॉर्नवॉलमधल्या कथिल-तांब्याच्या खाणी बसायला लागल्या तसे इथले खाणकामगार जगभर गेले, त्यातले कितीतरी कोलारला. इथली शेवटची मोठी कथिलाची खाण, साऊथ क्रॉफ्टी, १९९८ मधे बंद झाली. म्हणजे माणसं गाव सोडून जातात ही इथली नवी गोष्ट नाहीच, फक्त आता खाणीऐवजी घरभाडं आहे.

रेलिंगवरच्या म्हाताऱ्यांकडे प्रत्येक पराभवावर एकच औषध, १९९१. त्या वर्षी काउंटी, म्हणजे जिल्ह्यांच्या टीमच्या, चॅम्पियनशिपची फायनल लंडनच्या ट्विकनम स्टेडियमला झाली, कॉर्नवॉल विरुद्ध यॉर्कशायर. अख्खं कॉर्नवॉल टीमच्या रंगांत सोनेरी-काळं होऊन लंडनला लोटलं. ३-१६ असे मागे पडले होते, तिथून १६-१६ केलं आणि एक्स्ट्रा टाइममधे २९-२० ने जिंकले. त्याआधीचा विजय १९०८ चा. १९०८ चा आणखी एक किस्सा म्हणजे त्या विजयामुळे लंडन ऑलिम्पिकमधे ग्रेट ब्रिटनतर्फे चक्क कॉर्नवॉलची काउंटी टीम खेळली. स्पर्धेत एकूण टीम दोन. ऑस्ट्रेलियाने ३२-३ ने धुतलं आणि यांना सिल्व्हर मिळालं. हा किस्सा मला फार आवडतो. मोठ्या फरकाने हरून मेडल घरी आणणारी काउंटी आहे ही, आमची टीम परंपरेला धरूनच चाललीये.

समोरची टीम टेबलमधे दुसऱ्या नंबरवर होती, बसमधून उतरले तेव्हाच बावीस जण मोजले मी, हेवा वाटला. आमचे सतरा. त्यातला एक पेनरिनच्या युनिव्हर्सिटी कॅम्पसमधला स्टुडंट, आदल्या दिवशीच रजिस्टर केलेला, त्याला सगळ्यांची नावंही माहीत नव्हती, तो सगळ्यांना "मेट" म्हणत होता.

पहिली वीस मिनिटं मात्र काय खेळले! पहिलाच स्क्रम, आमच्या आठ जणांनी त्यांना असं काही मागे नेलं की रेलिंगवरून "ऑगी ऑगी ऑगी" ही इथली आरोळी सुरू झाली. त्यातूनच पेनल्टी, पेनल्टी कोपऱ्यात मारली, लाईनआऊट (बाहेर गेलेला बॉल दोन रांगांमधे आत टाकणं), मॉल (बॉलवाल्याला घेऊन घोळक्याने रेटणं), आणि हूकर बॉलसकट लाईनच्या पलीकडे. ५-०. मग त्यांच्या दोन ट्राय झाल्या, आमची अजून एक झाली, कन्व्हर्जन, म्हणजे ट्रायनंतरची किकही बसली. १२-१४. माझ्या शेजारचा टच जज (आमचाच एक जखमी खेळाडू, फ्लॅग हातात देऊन उभा केलेला) म्हणाला, आज काहीतरी होणार.

झालं. त्यांचा एक प्रॉप मानेला हात लावून बाहेर गेला. त्यांच्या बेंचवर सगळे होते पण प्रॉप नव्हता. रेफरीने दोन्ही कॅप्टनना बोलावलं आणि इथून पुढे स्क्रम अनकन्टेस्टेड. आता मानेशी खेळ नको हे मलाच सगळ्यात आधी कळतं आणि निर्णय शंभर टक्के बरोबर होता, पण आमच्या सेहेचाळीस वर्षांच्या प्रॉपचा चेहरा बघवत नव्हता. याची शेवटची होम मॅच, आणि जे एक काम त्याला जगात सगळ्यात चांगलं जमतं तेच बंद. पुढे तासभर तो प्रत्येक स्क्रमला वाकायचा, खांदा लावायचा, आणि काही न करता उठायचा. ज्या गोष्टीत आम्ही वरचढ होतो तीच मॅचमधून काढून घेतली म्हटल्यावर उरलं काय, पळणं, आणि पळण्यात ते आमच्या दुप्पट.

हाफ टाइमनंतर आमच्या दहा नंबरने, म्हणजे फ्लाय-हाफने, त्यांच्या एका अंगापिंडाने दांडग्या माणसाला टॅकल केला आणि त्याच्या गुडघ्यावर याचं डोकं आपटलं. २०२३ पासून इंग्लंडच्या कम्युनिटी रग्बीत टॅकल छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंतच करायचा, त्याच्या वर गेलात की पेनल्टी. कल्पना चांगली आहे, पण वीस वर्षं उभ्याने टॅकल केलेली माणसं एकदम खाली वाकायला लागली की स्वतःचं डोकं कुठे ठेवायचं हेच विसरतात. आपल्याकडचा कबड्डी खेळलेला माणूस आणला तर पायाला मिठी मारणं त्याला शिकवावं लागणार नाही, हे मी कोचला कितीदा सांगितलंय. असो. मी पळत गेले, पोरगा उठून बसला होता आणि हसत होता. मी विचारलं, स्कोअर काय झाला? म्हणाला, "आपण जिंकतोय ना?" संपला विषय. टीव्हीवरच्या मॅचमधे डोक्याची तपासणी करून परत मैदानात पाठवतात ते फक्त वरच्या लेव्हलला, आमच्याकडे नुसती शंका आली तरी बाहेर, आणि बाहेर म्हणजे बाहेर, पुढच्या मॅचला किमान २१ दिवस नाही. कॅप्टन काही बोलला नाही पण माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच मारलं त्याला. कारण त्याच्या जागी कोण? तो स्टुडंट. जो आयुष्यात कधी दहा नंबरला खेळला नव्हता.

पुढचं सगळं भराभर झालं, त्यांचे २४, ३१, ३८, ४१, लिहिण्यासारखं त्यात काही नाही. मधे आमच्या स्टुडंटने मात्र कुणाच्यातरी हातून निसटलेला बॉल उचलून जवळजवळ साठ मीटर पळत ट्राय केली आणि मग कुठल्या पोराला मिठी मारायची ते न कळून रेफरीच्याच दिशेने गेला. १७-४१.

मग शेवटची पाच मिनिटं. तीन ट्राय झाल्या होत्या, चौथी झाली असती तर बोनस पॉईंट. त्या एका पॉईंटने टेबलमधे ढिम्म काही हललं नसतं. समोर पोस्टच्या बरोबर मधे पेनल्टी मिळाली, तीन पॉईंट फुकट, कॅप्टनने तिकडे बघितलंसुद्धा नाही, पटकन टॅप करून घुसले. एक रक (खाली पडलेल्या बॉलवरची झटापट), दुसरा, तिसरा, सगळे लाईनपासून हातभर अंतरावर, आणि मग प्रॉपने बॉल उचलला आणि मुंडी खाली घालून गेला लाईनच्या पलीकडे. पण खाली तीन जण होते त्यांचे. बॉल जमिनीला टेकलाच नाही. रेफरीने हेल्ड अप दिला. पूर्वी अशा वेळी पाच मीटरवर आमचा स्क्रम मिळाला असता, २०२१ च्या बदलापासून त्याऐवजी बचाव करणारी टीम गोललाईनवरून ड्रॉप-आऊट मारते. एवढी मेहनत करून बॉल त्यांच्या पायाशी. मला हा नियम कधीच पटलेला नाही, लाईन ओलांडून आलेल्याला शिक्षा आणि खाली झोपलेल्याला बक्षीस. त्यांनी लांब किक मारली, आमच्या फुलबॅकने घाईत नॉक-ऑन केला, म्हणजे बॉल हातातून पुढे पाडला, न ढकलण्याचा एक शेवटचा स्क्रम झाला, त्यांनी बॉल बाहेर मारला, शिट्टी.

दोन्ही टीमनी एकमेकांसाठी रांगा करून टाळ्या वाजवल्या. प्रॉप माझ्यापाशी येऊन बसला आणि म्हणाला, "टेकला होता, माय हॅन्सम. मला हाताला गवत लागलं." ("माय हॅन्सम" ही इथली प्रेमाची हाक.) मी म्हटलं, गवत लागलं असेल, पण बॉल दुसऱ्या हातात होता. त्यावर तो एवढा हसला की गुडघा धरून बसावं लागलं.

आत क्लबहाऊसमधे रॅफल, मटणाचा एक हॅम्पर, समोरच्या टीमच्या कॅप्टनचं भाषण, आमच्या कॅप्टनचं त्याहून छोटं भाषण. प्रॉपने रिटायरमेंट जाहीर केली, कुणीतरी मागून ओरडलं "गेल्या वर्षीही केली होतीस". कमिटीतल्या दोघांमधे शेजारच्या गावच्या क्लबशी एकत्र येऊन एकच टीम करावी का यावरून बरीच बाचाबाची झाली. माझ्या मते करायला हवी, तेरा अधिक तेरा म्हणजे निदान सव्वीस तरी होतात, पण इथे शेजारच्या गावाबद्दल काय बोलतात ते मी इथे लिहू शकत नाही.

बारच्या बाजूला भिंतीवर सेक्रेटरीने कागद चिकटवला होता, पुढच्या सीझनला कोण कोण आहे. रात्री निघताना बघितलं तर अकरा नावं, त्यातल्या दोघांपुढे "कदाचित", आणि एक नाव त्या डोक्याला लागलेल्या दहा नंबरचं, दोनदा लिहिलेलं. स्टुडंटचं पण होतं. खाली फर्स्ट एडचा रकाना मोकळा होता, त्यात मी माझं नाव टाकलं आणि पुढे लिहिलं, टेपचं बजेट वाढवा, एका माणसाचे गुडघेच अर्धा बॉक्स खातात. तो माणूस शेजारीच उभा होता, त्याने माझ्या हातातून पेन घेतलं.