भाऊबीजेला अक्काला दिली मोठ्या अक्षरातली जनाबाई

यंदा सोयाबीन पाण्यात गेलं, त्यामुळं तीन बहिणींना तीन साड्या हे गणित काही जमत नव्हतं. पण रिकाम्या हातानं ओवाळून घ्यायचं तर जिवावर येतं. मग पुस्तकं द्यायचं ठरवलं, आणि तीपण कॉपीराइट संपलेली, म्हणजे खर्च फक्त कागदाचा अन् बाइंडिंगचा.

आपल्याकडं लेखक गेल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात, तेवढी संपली की पुस्तक सगळ्यांचं. साने गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणीही छापावी, कुणालाही द्यावी. मराठी विकिस्रोतावर, म्हणजे अशा जुन्या पुस्तकांच्या फुकट वेबसाइटवर जाऊन बघा, डाउनलोड करून सरळ मोबाईलमधी घेता येतं. भाच्याला तसंच दिलं, तो कागदाला हात लावत नाही पण मोबाईलवर वाचतो, वाचू दे की.

मधली बहीण लातूरकडं झेडपीच्या शाळेवर आहे, तिला सावित्रीबाईंच्या कविता दिल्या. 'काव्यफुले' १८५४ चं पुस्तक आहे, मास्तरीणबाईला याच्यापेक्षा चांगलं काय द्यावं मला तर सुचलं नाही.

थोरली अक्का गंगाखेडला असते, जनाबाईच्या गावात. अभंग तोंडपाठ आहेत पण मोतीबिंदूमुळं गाथेतली बारीक अक्षरं दिसंनात, पोथी डोळ्याला लावून बसते. म्हणून तिच्यासाठी नेटवरून मूळ अभंग घेतले, अक्षर २० पॉइंटचं केलं, एका पानावर एकच अभंग. झेरॉक्सवाल्याकडं वर्डची फाइल नेली तर त्याच्या कॉम्प्युटरवर जोडाक्षरं सगळी फुटली, घरी येऊन पीडीएफ करून परत गेलो, तवा नीट आलं. तुम्ही पण पीडीएफच न्या, अन् आधी दोनच पानं काढून बघा. ९६ पानं पाठपोट, रुपयाला एक पान, स्पायरल अन् वरचं जाड कव्हर धरून १४० रुपयात काम झालं.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगतो, अभंग जुने असले तरी आजच्या कुणी लिहिलेला अर्थ, टीपा, प्रस्तावना त्यांच्या मालकीच्या असतात, ते उचलू नका. आणि व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या नव्या पुस्तकांच्या पीडीएफ फुकट दिसतात म्हणून छापून वाटू नका, लिहिणाऱ्याच्या पोटावर पाय येतो. ते पुस्तक आवडत असंल तर दुकानातून घ्या.

ओवाळून झाल्यावर अक्कानं पुस्तक उघडलं, चष्मा काढला, परत घातला. "अक्षरं केवढाली केलीस रं," म्हणली आणि तिथंच पाटाशेजारी बसून वाचायलाच लागली, ताटातली निरांजन विझली तरी तिचं ध्यान नव्हतं.

मागं चार पानं मी कोरी ठेवली होती. परवा फोन आला, त्या पानांवर ती आईच्या जात्यावरच्या ओव्या लिहायलीय, अकरा झाल्यात. संक्रांतीला गेलो की टाइप करून घेतो, वाणाला बाकीच्या दोघींना त्याच द्यायच्यात.