ॲडव्हान्सच्या स्प्रिंगा बदलताना आधी शाफ्ट पाहा

पॉइंटवाल्या (ठिणगीची वेळ यांत्रिक स्विचने ठरणाऱ्या) जुन्या मोटारसायकलीत वेग वाढेल तशी ठिणगी आधी पाडायला, म्हणजे ॲडव्हान्ससाठी, फिरती वजनं आणि त्यांना मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा असतात. या स्प्रिंगा सैल झाल्या आणि मूळ जोडी मिळेना, की दुसऱ्या मॉडेलची जोडी लावली जाते. हुक बसला म्हणून ती चालेलच असं नाही.

होंडा सीबी750 आणि कावासाकी झेड1 यांचं ॲडव्हान्स युनिट क्रँकच्या टोकावर असतं. सीबी350 ट्विन किंवा ल्युकस कंपनीचं युनिट असलेल्या ट्रायम्फ 650 मध्ये ते कॅमशाफ्टवर, म्हणजे क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतं. वजनांना बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा झाला की जोर चौथाईवर येतो. त्यामुळे क्रँकवरची स्प्रिंग कॅमशाफ्टवर लावली तर वजनं उशिरा उघडतात किंवा पूर्ण उघडतच नाहीत. गाडी मंद पळते, सायलेन्सर जास्त तापतो. उलट अदलाबदलीत आयडलिंगलाच ॲडव्हान्स पुढे जातो आणि किक उलटी मारते. एवढ्याचसाठी मी एकाच शाफ्टवरच्या युनिटांमध्येच अदलाबदल करावी असं म्हणेन, आणि तीही वजनं सारखी असतील तरच.

एकूण ॲडव्हान्स किती, हे वजनांना अडवणारा स्टॉप ठरवतो. स्प्रिंग फक्त तो किती आरपीएमला सुरू होणार आणि कधी पूर्ण होणार, ते ठरवते. (युनिटवर 12 अंश कोरलेले असतील आणि ते कॅमशाफ्टवर असेल, तर क्रँकवर ते 24 धरायचे.)

स्प्रिंग व्हर्नियरने मोजा: तारेची जाडी, वेढ्यांचा व्यास, वेढ्यांची संख्या, हुकापासून हुकापर्यंतची लांबी. जाडीला सर्वांत जास्त महत्त्व. 0.8 ऐवजी 0.9 मिमी तार असली, बाकी सगळं तेच, तरी कडकपणा सुमारे 60 टक्के वाढतो. लांबी अर्धा मिमी कमी असली तर आधीचा ताण वाढतो आणि ॲडव्हान्स उशिरा सुरू होतो. वेढा कापून लांबी जुळवू नका, उरलेली स्प्रिंग आणखी कडक होते. काही युनिटांत दोन्ही स्प्रिंगा मुद्दाम वेगळ्या असतात, एकीचा हुक लांब. ती दुसऱ्या टप्प्यात कामाला येते. ती सैल पडली आहे असं समजून फेकू नका.

बॅटरी काढा. पॉइंट उघडणारा कॅम काढण्याआधी वजनांच्या प्लेटच्या संदर्भात खूण करा, कारण तो 180 अंश उलटा बसू शकतो. स्पिंडलला ग्रीसचा पातळ हात द्या. जोडल्यावर कॅम हाताने फिरवून सोडा, तो झटकन पूर्ण मागे आला पाहिजे. रेस दिल्यावर आयडलिंग वरच अडकून हळूहळू उतरत असेल, तर स्प्रिंग कमजोर आहे किंवा कॅम अडकतोय.

पॉइंटचा गॅप आधी ठेवा (या होंडांना 0.3 ते 0.4 मिमी), मग टायमिंग लाइट (प्रत्येक ठिणगीला चमकणारा दिवा) लावा. दर 500 आरपीएमला टायमिंगची खूण कुठे येते ते लिहून मॅन्युअलशी ताडा. पूर्ण ॲडव्हान्सची खूण जुळली पाहिजे, आयडलची थोडी इकडेतिकडे चालेल. सुरुवात बरोबर पण शेवट उशिरा, तर स्प्रिंग कडक. सुरुवातच लवकर, तर ताण कमी. एकाच वेगाला खूण थरथरत असेल तर स्प्रिंगा बदलून उपयोग नाही, वजनांच्या पिना झिजल्या आहेत का ते पाहा.