मागच्या गल्लीतलं दार

परवा दुपारी पेठेतून येताना आमच्या प्राथमिक शाळेची कौलं उतरवून भिंतीशी रचलेली दिसली. पत्रा येणार म्हणे. गाडी कडेला लावली आणि एक कौल पालथं केलं. मंगळुरी कौल दिसलं की मागचा छाप वाचायचा, ही माझी जुनी खोड. बायको म्हणते, लोकांच्या घरी तरी आढ्याकडं बघत बसू नका. बासेल मिशनच्या जर्मन पाद्र्यांनी 1865 मध्ये मंगळुरात कारखाना काढला. तिथून ही कौलं घाट चढून आपल्या डोक्यावर आली. या कौलाचा छाप पार झिजला होता.

"काय बघालाय?" मिस्त्री.

"काय नाही. इथंच शिकलो."

शिकलो म्हणजे ठिबकणाऱ्या जागा चुकवत बसलो. जुलैत बाई फळ्यावर तारीख, वार, हजेरी लिहायच्या आणि खाली कुणीतरी पोरगं कोल्हापूरच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी लिहायचं. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. सतराचा पाढा कुणाला येत नव्हता, हे आकडे झोपेतही यायचे. पाणी चढलं की नदीकाठची माणसं शाळेत राहायला यायची, पटांगणात त्यांच्या म्हशी. आम्हाला सुट्टी आणि शाळेतच धारोष्ण दूध. एवढी चांगली शाळा पुन्हा मिळाली नाही.

आमच्या घरात शाळा शिरली ती मात्र दंडामुळं. शाहू महाराजांनी 1917 मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोर न धाडणाऱ्या बापाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला. पणजोबांच्या वडिलांना शिक्षणाचं काही पडलं नव्हतं, रुपयाचं होतं. पोरगं गेलं शाळेत. पुढच्या पिढ्यांनी पदव्या भिंतीवर टांगल्या. त्या रुपयाचं नाव कुणी काढत नाही.

शाळेच्या मागच्या अंगाला एक अरुंद खोली होती. मोडकी बाकं, खिचडीचा तांदूळ, उंदीर. लपंडावात तिथं कुणी लपत नसे. तिचं मूळ दार मागच्या गल्लीत उघडायचं. वर्गाकडचं दार नंतर फोडलेलं. भिंत दगडाची आणि चौकटीभोवती तेवढ्या विटा. इतकी वर्षं त्या विटा बघितल्या आणि डोक्यात काही आलं नाही.

1919 मध्ये महाराजांनी अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद केल्या आणि सगळी पोरं एकाच शाळेत बसवायचा हुकूम काढला. हुकूम निघाला, पण पोरं खरोखर शेजारी बसली कधी? ते वर्गाकडचं दार कुणी आणि कोणत्या साली फोडलं? त्याआधी गल्लीतल्या दारानं कोण आत यायचं? आम्हाला शिकवणाऱ्या बाई आता नाहीत. असत्या तरी त्यांना हे विचारायचं धाडस मला झालं असतं का, कोण जाणे.

मिस्त्रीला म्हटलं, ती मागची खोली ठेवणार ना?

"ती व्हय? पाडायची की. दगूड चांगला हाय तिचा, कंपौंडाला घेतो."