वाडा सगळ्यात शेवटी

अमेरिकेतल्या लुईझियाना राज्यात, न्यू ऑर्लिन्सपासून तासाभरावर, मिसिसिपीच्या काठाला वॉलेस नावाचं गाव आहे. जिकडे बघावं तिकडे ऊस. नदीकाठच्या या पट्ट्यात मळेवाल्यांचे कितीतरी जुने वाडे आहेत. तिथे पाहुण्यांना खांब, झुंबरं, बागा दाखवतात, लग्नंही लागतात. व्हिटनी प्लँटेशन 2014 साली संग्रहालय म्हणून खुलं झालं, ते मात्र इथे राबलेल्या गुलामांची बाजू सांगायची असं ठरवूनच. मला तेच बघायचं होतं.

सुरुवात लाकडी चर्चपासून झाली. मुक्त झालेल्या लोकांनी बांधलेलं हे चर्च दुसऱ्या गावाहून इथे आणलंय. आत बाकांच्या आजूबाजूला मुलामुलींचे मातीचे पुतळे आहेत, वुड्रो नॅश यांनी घडवलेले. 1930च्या दशकातल्या मंदीत अमेरिकी सरकारने बेकार लेखकांना कामं दिली. त्यातल्याच एका योजनेत 17 राज्यांमधून, एके काळी गुलाम असलेल्यांच्या 2,300हून जास्त आठवणी लिहून घेतल्या गेल्या. सांगणारे ऐंशी-नव्वदीचे, पण गुलामी त्यांनी भोगली ती पोरवयात. म्हणून पुतळे मुलांचे.

या नोंदी वाचताना एक भान ठेवावं लागतं. विचारणारे बहुतेक गोरे आणि काळ उघड वर्णभेदाचा. ‘मालक भला होता’ असं एखादी म्हातारी म्हणाली, तर ती कुणासमोर बोलत होती हे आधी बघावं. मला जास्त भरवशाचे वाटतात ते बारीकसारीक तपशील: खायला काय मिळे, चपला कधी मिळाल्या, आई कुठे विकली गेली.

बाहेर लोखंडी काहिली मांडल्या आहेत. गुऱ्हाळावरची काहील डोळ्यांसमोर आली, पण इथली रीत वेगळी होती. मोठीपासून छोटीपर्यंत काहिलींची रांग, खाली जाळ, आणि उकळता रस एकीतून दुसरीत उपसत आटवत न्यायचा. कडेवरून हात फिरवला. जाड, खरबरीत, गंजलेली. आत एखादं मूल सहज मावेल. लुईझियानात दंव पडतं, त्यामुळे ऊस त्याआधी तोडून गाळायची घाई. हंगामात रात्रंदिवस पाळ्या चालत. झोपेने पेंगणारी माणसं, उकळता रस आणि फिरणारा चरक. काय होत असेल ते वेगळं सांगायला नको.

मग गुलामांच्या खोल्या, आणि शेवटी मालकाचा वाडा. वाड्यात मी फार रेंगाळले नाही.

लिंकन यांच्या 1 जानेवारी 1863च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यातून वॉलेस ज्यात येतं तो सेंट जॉन परगणा वगळला होता, कारण यादवी युद्धात तो आधीच उत्तरेच्या, म्हणजे लिंकन यांच्याच फौजांच्या ताब्यात आला होता. इथली गुलामी कायद्याने संपली ती लुईझियाना राज्याच्या स्वतःच्या 1864च्या घटनेने. पुढे 1873 साली जोतीरावांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केला, त्यांच्या लढ्यातली ही खाचखळग्यांची बाजू मला इथे येऊन कळली.

परतताना गाडीत, एके काळी गुलाम असलेल्या फाउंटन ह्यूज यांचं 1949 सालचं ध्वनिमुद्रण ऐकलं. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर ते कुणालाही ऐकता येतं. ह्यूज व्हर्जिनियाचे. त्यांच्या सांगण्याप्रमाणे त्यांचे आजोबा अमेरिकेचे तिसरे अध्यक्ष थॉमस जेफरसन यांच्या मालकीचे होते. सुटका झाली तेव्हा घर नाही, दार नाही, गुरं मोकळी सोडावीत तसं सोडून दिलं, असं ते सांगतात. आईने त्यांना महिना एक डॉलरवर कामाला ठेवलं; तो डॉलरही तीच जाऊन घ्यायची. आणि तरीही, पुन्हा गुलाम व्हायची वेळ आली तर बंदूक घेऊन स्वतःला संपवीन, असं शंभरी ओलांडलेले ह्यूज ठामपणे म्हणतात.