रात्रीच शॉक देणारा फ्रिज

फोनवर बाईंचा आवाज वैतागलेला होता. फ्रिजला हात लावला की शॉक बसतो, एवढीच तक्रार. मी काही विचारायच्या आत त्यांनीच पुढे सांगितलं, "हा दुसरा फ्रिज आहे बरं का. पहिला याच कारणासाठी बदलून घेतला. कंपनी वेगळी, मॉडेल वेगळं, शॉक मात्र तोच."

एकाच घरात दोन वेगळ्या कंपन्यांच्या फ्रिजना एकच खोड असेल, तर मी फ्रिजचा विचार सोडून देतो आणि भिंतीचा करायला लागतो. घरगुती उपकरणं दुरुस्त करता करता लागलेली ही सवय आहे.

स्वयंपाकघर बघण्यासारखं होतं. ओव्हन, मायक्रोवेव्ह, डिशवॉशर, केटल, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, सगळं जागच्या जागी आणि चकाचक. घरातल्या मुलाने प्रत्येक वस्तू अभ्यास करून घेतलेली. त्याने मोबाईलवर तक्ताच दाखवला: किती लिटर, किती प्रोग्रॅम, आवाज किती डेसिबल, वीज किती खाते. तक्ता खरंच चांगला होता. फक्त या सगळ्याचे प्लग कुठे जाणार आणि त्या सॉकेटच्या मागे काय आहे, हा रकाना त्यात नव्हता. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याच तक्त्यात तो नव्हता, त्यामुळे त्याला वेगळा दोष देण्यात अर्थ नाही.

"कंपनीचा माणूस येऊन गेला," तो म्हणाला. "सगळं ओके आहे म्हणाला. आम्हालाही कधी काही जाणवलं नाही. फक्त आजीला..."

आजी दारातच उभ्या होत्या. "मला लागतो. बाकी कुणाला लागत नाही. म्हणून मी खोटी."

मी आजींनाच विचारायला बसलो. कधी लागतो? रात्री, झोपायच्या आधी पाण्याची बाटली काढायला जाते तेव्हा. रोज? नाही, कधी कधी. दिवसा? दिवसा नाही लागत. कसा लागतो, मुंग्या येतात की हात झटकला जातो? "झटकला जातो. परवा बाटली पडली हातातून."

मी खाली पाहिलं. आजी अनवाणी होत्या. सूनबाईंच्या पायात रबरी चपला, मुलाच्याही. कंपनीचा माणूस बूट घालून आला असणार आणि दिवसा आला असणार. रात्री ओटा आवरून फरशी पुसली जायची आणि ती वाळायच्या आत आजी तिथे जायच्या. शॉक बसतो तो शरीरातून करंट जमिनीकडे गेला तरच. चप्पल मध्ये आली की वाट बंद. एकाच घरात एकाला शॉक लागतो आणि बाकीच्यांना लागत नाही, यात भास वगैरे काही नसतं.

मीटर काढला. मेन बोर्डातल्या अर्थिंगच्या पट्टीपासून एक लांब वायर स्वयंपाकघरापर्यंत आणली, मीटरचं एक टोक तिला, दुसरं फ्रिजच्या बॉडीला, दारामागच्या रंग उडालेल्या स्क्रूवर. आकडा शंभराच्या थोडा वर. मुलगा दचकला. त्याला सांगितलं, एवढ्यावरून लगेच घाबरू नकोस. हल्लीच्या बऱ्याच उपकरणांत विजेतली खरखर गाळायला एक फिल्टर असतो. त्यातला एक कपॅसिटर फेजपासून बॉडीला आणि दुसरा न्यूट्रलपासून बॉडीला जोडलेला असतो. बॉडी अर्थिंगला नीट जोडलेली असेल तर त्यातून जाणारा किरकोळ करंट मुकाट्याने जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर बॉडी या दोन कपॅसिटरांच्या मधोमध लटकते आणि 230 व्होल्टच्या साधारण निम्मा दाब दाखवते. टेस्टरही मिणमिणतो. त्यातला करंट फार थोडा असतो, हाताला जेमतेम झिणझिण्या येतात, आणि उपकरणात बिघाड म्हणावा असं काही नसतं. लॅपटॉप किंवा मिक्सरवरून हात फिरवताना असं खरखरीत वाटलं असेल तर ते हेच.

पण यातून एक गोष्ट पक्की झाली. फ्रिजच्या सॉकेटला अर्थिंगचं भोक होतं, पण त्यामागे अर्थिंग नव्हतं. आणि आजींचा हात झटकला जात होता, म्हणजे कपॅसिटरच्या झिणझिण्यांपेक्षा मोठं काहीतरी दुसरीकडून येत होतं.

मग एकेक यंत्र लावत गेलो, नजर फ्रिजवरच्या मीटरवर. केटल लावली, काही नाही. ओव्हन लावला. ओव्हनवर माझा संशय जास्त होता, कारण बरेच दिवस न वापरलेल्या ओव्हनच्या कॉइलमध्ये ओल धरते. कॉइलच्या नळीत तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती उष्णता सोडते पण वीज अडवते. ओल लागली की मात्र वीज अडवायचं काम नीट करत नाही. पण इथला ओव्हन वापरातला होता आणि आकडा जागचा हलला नाही. मायक्रोवेव्ह, मिक्सर, तेच.

"डिशवॉशर कधी लावता?"

"रात्री. जेवणं झाली की. पण रोज नाही, भरलं की," सूनबाई म्हणाल्या आणि म्हणता म्हणता थांबल्या.

डिशवॉशर सुरू केला. पाणी भरायला लागलं, पंप घुमला. मीटर तसाच. मुलाचा चेहरा जरा उतरला. मी म्हटलं, थांब, अजून पाणी गार आहे. काही मिनिटं आम्ही सगळे ओट्याशी नुसते उभे. मग आत रिले, म्हणजे हीटर चालू करणारा आतला स्विच, वाजल्याचा बारीक टक असा आवाज आला, हीटर सुरू झाला आणि फ्रिजवरचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. डिशवॉशरचा प्लग उपसला, आकडा खाली. कोणी काही बोलायच्या आत आजींनी मुलाच्या पाठीत एक धपाटा घातला.

झालं होतं ते असं. स्वयंपाकघरातल्या सगळ्या सॉकेटांच्या अर्थिंगच्या वायरी एकमेकींना जोडलेल्या होत्या, तशा त्या असतातच. पण तो अख्खा गुच्छ पुढे जमिनीपर्यंत पोहोचत नव्हता. त्यामुळे डिशवॉशरच्या हीटरमधून गळणारी वीज त्या वायरींतून फ्रिज, ओव्हन, मायक्रोवेव्ह, सगळ्यांच्या बॉडीवर जाऊन बसत होती. बाकीच्या वस्तू प्लास्टिकच्या मुठीच्या किंवा काचेच्या, फ्रिजचा दांडा तेवढा धातूचा. म्हणून बदनाम फ्रिज झाला. दोन्ही फ्रिज.

आता गुच्छ कुठे तुटलाय ते शोधायचं. फार शोधावं लागलं नाही. मेन बोर्डाचं झाकण काढलं तर स्वयंपाकघराकडे जाणारी हिरवी वायर पट्टीपासून कापलेली, टोकाला काळी टेप गुंडाळून मागे व्यवस्थित दुमडून ठेवलेली. आपोआप तुटलेली वायर अशी दिसत नाही.

मग मुलाला आठवलं. मध्यंतरी रात्री-बेरात्री घरातली वीज जायची. बोर्डातला मोठा स्विच पडायचा, वर केला की सकाळपर्यंत ठीक. एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं. तो अर्धा तास बोर्डात खुडबुडला आणि म्हणाला, आता ट्रिप होणार नाही. त्यानंतर खरंच झालं नाही. सगळे खूश.

तो मोठा स्विच म्हणजे आरसीसीबी, ज्याला बरेच जण अजून ईएलसीबीच म्हणतात. त्याच्या शेजारच्या एमसीबीचं काम वेगळं. लोड जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर एमसीबी पडतो. माणसाला शॉक बसत असेल तर त्याला त्याचा पत्ताही नसतो, कारण तो करंट त्याच्या हिशेबात नगण्य. आरसीसीबी चोख मुनीम आहे. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला का, हे तो सतत ताडून पाहतो. फरक पडला म्हणजे वीज तिसऱ्याच वाटेने चाललीय. घरातले आरसीसीबी बहुधा 30 मिलिअँपिअरचे असतात. तेवढी गळती होईपर्यंत किंवा त्याच्या थोडं आधीच ते पडतात. दहाएक मिलिअँपिअरला माणसाची मूठ आवळली जाऊन सुटेनाशी होऊ शकते, त्याच्या बऱ्याच पुढे हृदयाचा ठोका बिघडतो. म्हणून तो आकडा.

म्हणजे डिशवॉशरचा हीटर गळायला लागला तेव्हा अर्थिंग शाबूत होतं, गळती त्यातून जात होती आणि आरसीसीबी इमानाने पडत होता. इलेक्ट्रिशियनने गळती शोधली नाही, गळतीची वाटच कापली. जायला जागा नाही म्हणून करंट नाही, करंट नाही म्हणून ट्रिप नाही. पुढे ओल्या फरशीवर आजींचे पाय आले आणि वाट पुन्हा मिळाली. शरीर आणि फरशी यांच्या अडथळ्यामुळे करंट थोडाच जायचा. झटका बसेल एवढा, पण स्विच पडेल एवढा नाही. असं काम करणाऱ्याबद्दल मी तिथे जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

खात्री करायला हिरवी वायर पट्टीत पुन्हा कसली आणि डिशवॉशर लावला. पाणी तापायला लागलं आणि अख्ख्या घरातली वीज गेली. कुणी वैतागलं नाही.

हीटर सुटा करून मेगर लावला, म्हणजे वीज कुठे गळते का ते बघायचं मीटर. 500 व्होल्टवर किमान एक मेगओहम तरी दिसायला हवा. इथे काटा जवळजवळ शून्याला टेकला. नळीवर पांढऱ्या क्षाराचा जाड थर होता आणि एका वाकणाजवळ केसाएवढी चीर. थरामुळे नळीतली उष्णता पाण्यात जात नाही, नळी आतल्या आत तापत राहते आणि एक दिवस तडकते.

"मीठ घालता ना यात?"

"मीठ?"

डिशवॉशरच्या तळाशी मिठाचा कप्पा असतो. भांड्यांचा त्या मिठाशी थेट संबंध नसतो. आत रेझिनचे बारीक मणी असतात, ते जड पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून ठेवतात, आणि मिठाच्या पाण्याने धुतले की पुन्हा पकडायला मोकळे होतात. मीठ संपलं की मणी भरून बसतात आणि क्षार सरळ हीटरवर. त्यासाठी जाडं, शुद्ध, डिशवॉशरचं म्हणूनच मिळतं ते मीठ लागतं. जेवणातलं बारीक मीठ गोळे होऊन अडकतं. शिवाय पाणी किती जड आहे तेही मशीनला सेटिंगमध्ये सांगावं लागतं. यांचं सेटिंग कारखान्यातून आलं तसंच होतं. मिठाचा दिवा लागायचा का, विचारलं. सूनबाई जराशा ओशाळल्या. दिवा सारखा लागलेला असायचा, रात्री डोळ्यांवर यायचा, म्हणून त्यावर स्टिकर लावला होता. फुलाचा.

एक दिवा झाकला, एक वायर कापली. मशीन दोन्ही वेळा बोललं होतं, आणि दोन्ही वेळा त्याचं तोंड बंद केलं गेलं होतं.

नवा हीटर पुढच्या खेपेला बसला. मेगरवर स्वच्छ आकडा आला, पाण्याची जडता चाचणीच्या पट्टीने मोजून सेटिंग बदललं, कप्प्यात मीठ भरलं. स्वयंपाकघरातलं प्रत्येक सॉकेट अर्थिंगसाठी तपासलं. एकावर ओव्हन आणि केटल मल्टिप्लगने जोडले होते, ते वेगळे करायला लावले. ओव्हन दोन हजार वॉट, केटल अठराशे. दोन्ही एकदम लावले तर साडेसोळा अँपिअर. तो प्लग आधीच एका कडेला पिवळा पडला होता. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते, आणि सगळ्यात आधी पोळतो तो सैल जोड.

मुलगा आता इंडक्शन घ्यायच्या विचारात होता आणि त्याने तक्ता पुन्हा उघडला. भांड्याच्या बुडाला चुंबक घट्ट चिकटतो का बघ, खालच्या पंख्याला हवा मिळेल अशी जागा ठेव, त्याच्याखाली कागद-कापड पसरू नकोस, एवढं सांगितलं. आणि ते स्वतंत्र एमसीबीवर घे. त्याने मुकाट्याने एक रकाना वाढवला.

निघताना आरसीसीबीवरचं टी लिहिलेलं बटण दाखवलं. महिन्यातून एकदा दाबायचं, स्विच पडला पाहिजे. त्याने फक्त स्विच जिवंत आहे एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही ते नाही. अर्थिंग मीटरनेच तपासावं लागतं. घर झाल्यापासून ते बटण कुणी दाबलं नव्हतं. "मी दाबते," म्हणत आजी पुढे आल्या. दाबलं, खटकन स्विच पडला आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही बघत बसलेल्या आजोबांनी आरडाओरडा सुरू केला. इतका वेळ ते उठून बघायलाही आले नव्हते.