चार दिवसांची रजा

इस्त्रीचे कपडे साठले की मी एखादा जुना सिनेमा लावते. गेल्या रविवारी ‘अँकर्स अवे’ लावला. १९४५ चा, हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओचा, रंगीत आणि गाण्यांनी भरलेला. लांबी म्हणाल तर सात शर्ट झाले तरी संपेना.

गोष्ट एवढीशीच. अमेरिकी नौदलातल्या दोन खलाशांना शौर्यपदक आणि चार दिवसांची रजा मिळते, ते हॉलिवूडला येतात. जीन केली हा बोलबच्चन. फ्रँक सिनात्रा म्हणजे लाजाळूचं झाड. पोरीशी बोलायचं कसं, हे मित्राकडून शिकायला निघालेला. युद्ध पडद्यावर जवळपास नाहीच. पण चार दिवसांनी बोटीवर परतायचं म्हटल्यावर प्रेमात पडायचीसुद्धा घाई.

मला खरी मजा आली ती सिनात्राची. १९४४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या पॅरामाउंट थिएटरात तो गायला, तेव्हा आखूड मोजे घातलेल्या शाळकरी पोरी खेळ संपला तरी खुर्च्या सोडेनात, आणि बाहेर हजारोंनी रस्ता अडवलेला. त्याच माणसाला इथे एका मुलीसमोर वाचा फुटत नाही! नाचही त्याला केलीनेच शिकवला. खलाशांच्या वसतिगृहात दोघं कॉटवरून कॉटवर उड्या मारत, आदल्या रात्रीच्या न घडलेल्या पराक्रमांच्या थापा मारतात, तिथे त्याचे पाय बघा. केली हवेत, आणि हा मनातल्या मनात एक-दोन-तीन-चार मोजत असावा. (‘टॉम अँड जेरी’तल्या जेरी उंदराबरोबरचा केलीचा नाच सगळ्यांनी पाहिलाय, त्यावर मी काय बोलणार.)

सिनात्रा भाळतो नायिकेवर, म्हणजे कॅथरिन ग्रेसनवर. तिच्यासमोर अगदी गप्प. हॉटेलात काम करणाऱ्या, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या मुलीशी मात्र तोंड बंद होत नाही, कारण हाही ब्रुकलिनचाच. शेवटी पठ्ठ्याच्या डोक्यात प्रकाश पडतो. पण त्या बिचारीला सिनेमाभर नावच दिलेलं नाही! श्रेयनामावलीतही नुसती ‘ब्रुकलिनची मुलगी’. इथे मी इस्त्री उभी करून ठेवली.

अकरावीत, रत्नागिरीला, एनसीसीच्या नेव्हल विंगमधल्या एका पांढऱ्याशुभ्र गणवेशावर माझा जीव जडला होता. गणवेशावर म्हणते, कारण आतल्या मुलाशी मी एकदाच बोलले: ‘किती वाजले?’ आणि माझ्या मनगटावर घड्याळ होतं. मैत्रिणींनी ते वर्षभर पुरवून पुरवून वापरलं.

त्याच वर्षी एसटीच्या रांगेत रोज एक मुलगा भेटायचा. फिजिक्सच्या सरांची नक्कल करायचा, माझं हसू थांबायचं नाही. दोन-दोन गाड्या सोडल्यात आम्ही.

नाव काय त्याचं? आठवा शर्ट घेतला. कॉलर झाली, बाह्या झाल्या. सगळे त्याला पिंट्या म्हणायचे, एवढंच आठवलं.